बाणाचे पाते : वऱ्हाडातील पारधीचा न वाचलेला पुरावा

#धागा #वऱ्हाड #इतिहास

१/
संग्रहालयाच्या काचेआड गंजलेल्या लोखंडाचा बोटभर तुकडा पहुडलेला असतो. खाली चिठ्ठी असते : ‘बाणाग्र, लोह’. एवढेच. पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र तत्काळ रणांगण उभे राहते; ढाली, चिलखते, धुळीचे लोट, कोसळणारे वीर. त्या तुकड्याने कधी काळी एखाद्या सांबराच्या बरगड्यांमधून वाट काढली असेल, ही शक्यता मनाला शिवतही नाही.

२/
वऱ्हाडाच्या बाबतीत तरी हे वाचन बदलायला हवे. अमरावती-अकोल्याचा प्रदेश म्हणजे उत्तरेला मेळघाटाचे डोंगर, मधोमध पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आणि पूर्वेच्या सीमेवर वर्धा नदी. या भूमीत लढाया झाल्या. गाविलगड आणि नरनाळा त्यांची साक्ष देतात. परंतु लढाई एखाद्या पिढीच्या वाट्याला येई, एखाद्या पिढीच्या येतही नसे. पारध बारमाही चाले. तेव्हा लोखंडाचे टोक समोर आले की ‘हे कोणत्या लढाईतले?’ या प्रश्नाआधी ‘हे कोणत्या जनावरासाठी?’ हा प्रश्न विचारणे अधिक सयुक्तिक आहे. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्या तुकड्याच्या आकारातच दडलेले असते.

३/
आधी शब्द. ‘शिकार’ हा फारसीतून आलेला. मराठीचा जुना शब्द ‘पारध’. त्याची व्युत्पत्ती संस्कृत ‘पापर्द्धि’ या शब्दाकडे नेली जाते. पापर्द्धि, प्राकृतात पारद्धि, मराठीत पारध. पाप अधिक ऋद्धी, म्हणजे अक्षरशः पापाची भरभराट! ज्या समाजाने आपल्या एका उद्योगाला असे नाव दिले, त्याला त्या उद्योगातील नैतिक पेच ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. तो पेच धर्मग्रंथांइतकाच लोहाराच्या ऐरणीवरही सोडवला जात होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

४/
बाण जनावराला मारतो कसा, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. बंदुकीची गोळी आपल्या वेगाने मांस आणि हाड चिरडते. बाणाचा वेग त्या मानाने फारच कमी. बाण मारतो तो कापून. धारदार पाते फुप्फुसातून, हृदयातून किंवा मोठ्या रक्तवाहिनीतून गेले की रक्तस्राव होतो, मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि जनावर काही क्षणांतच कोसळते. मराठीत ‘जिव्हारी लागणे’ आणि ‘वर्मी घाव बसणे’ असे दोन वाक्प्रचार आहेत. आज ते बोलण्याच्या संदर्भात वापरले जातात, पण त्यांचा मूळ अर्थ शरीरशास्त्राचा आहे. जिव्हार म्हणजे जिथे घाव बसला असता जीव जातो ते स्थान.

पाते बोथट असेल तर रक्तवाहिनी कापली न जाता बाजूला सरकते. टोक केवळ सुईसारखे असेल तर भोक पडते, पण कातडी आणि स्नायू ते पुन्हा मिटवून टाकतात. मग जनावर बाण घेऊन रानात निघून जाते आणि दिवसेंदिवस कुजत मरते. शिकाऱ्याच्या पदरी काही पडत नाही आणि जनावराच्या वाट्याला निव्वळ यातना येतात. पात्याची निवड म्हणजे या दोन शक्यतांमधली निवड.

५/
रुंद पाते अधिक कापते हे उघड आहे. मग सगळीच पाती पंजाएवढी का नसावीत? कारण रुंदीची किंमत खोलीने चुकवावी लागते. धनुष्याने बाणाला दिलेली शक्ती ठरावीक असते. पाते जितके रुंद, तितका कातडीचा आणि स्नायूंचा विरोध मोठा, आणि बाण तितका लवकर थांबतो. काळविटाच्या पातळ कातडीला जे पाते आरपार जाईल, ते रानगव्याच्या खांद्यात वीतभरही शिरणार नाही.

आणखी एक अडचण हवेची. रुंद पाते वारा धरते. बाणाच्या पाठीमागची पिसे त्याला सरळ ठेवू पाहतात आणि पुढचे पाते त्याला आपल्या दिशेने वळवू पाहते. म्हणून मोठे पाते लावायचे तर पिसेही मोठी हवीत, काडीही जड हवी. एक भाग बदलला की सगळा बाण बदलतो.

६/
आजच्या परदेशी धनुर्धर शिकाऱ्यांमध्ये या वादाची घनघोर चर्चा चालते. दोन धारांचे पाते की तीन धारांचे? स्थिर पाते की आघात होताच उघडणारे यांत्रिक पाते? पात्याची लांबी रुंदीच्या तिप्पट असावी, असा एक जुना संकेत जाड कातडीच्या जनावरांसाठी त्यांच्यात मानला जातो. उतार जितका मंद, तितके पाते सहज शिरते. यांत्रिक पात्याची पाती उघडण्यातच शक्तीचा काही भाग खर्च होतो, म्हणून कमी ताकदीच्या धनुष्याला ते मानवत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत शिकारी पात्याची किमान रुंदी ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर, असावी असा कायदाच आहे. यामागचा हेतू जनावर लवकर मरावे हा.

हा सगळा वाद नवा वाटतो. तो तसा नाही.

७/
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणातील आयुधागाराच्या अध्यायात, बाणांच्या काड्यांचे प्रकार सांगून झाल्यावर टोकांविषयी एक अत्यंत आटोपशीर विधान येते. टोके तीन कामांची : छेदन, भेदन आणि ताडन. ती तीन द्रव्यांची : लोखंड, हाड आणि लाकूड.

वर्गीकरणाचे तत्त्व इथे पाहण्यासारखे आहे. ग्रंथ शस्त्रागाराचा, वाचक राजपुरुष. तरीही टोकांची विभागणी शत्रू कोण यावरून केलेली नाही, टोक काय करते यावरून केली आहे. छेदन म्हणजे कापणे, ते रुंद पात्याचे काम. भेदन म्हणजे आरपार जाणे, ते अरुंद आणि कठीण टोकाचे. ताडन म्हणजे नुसता आघात. त्याला बोथट लाकडी टोक पुरते. पक्षी पाडायचा असेल आणि त्याचे मांस व पिसे खराब होऊ द्यायची नसतील, तर असे बोथट टोकच उपयोगी, हे जगभरच्या शिकारी समाजांना ठाऊक होते. संग्रहालयांतील चिठ्ठ्यांनी कौटिल्याचे एवढे एकच तत्त्व उचलले असते तरी पुष्कळ काम झाले असते.

८/
पुढे धनुर्वेदाच्या परंपरेत पात्यांची नावे येतात. वासिष्ठ धनुर्वेदात आणि चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत ती आढळतात : आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक, काकतुंड. चांभाराच्या आरीसारखे, वस्तऱ्यासारखे, गाईच्या शेपटासारखे, वासराच्या दातासारखे, कावळ्याच्या चोचीसारखे. ही नावे पंडिताने रचलेली वाटत नाहीत. ती गोठ्यातून, अंगणातून आणि कारागिराच्या हत्यारपेटीतून उचललेली दिसतात.

प्रत्येकाचे कामही सांगितले आहे. काकतुंड लोखंड भेदण्यासाठी, क्षुरप्र धनुष्य तोडण्यासाठी, आरामुख चामड्यासाठी, भल्ल हृदयासाठी. ग्रंथ युद्धाचा आहे हे उघडच. लोखंड भेदण्याची गरज चिलखत घातलेल्या माणसापुढेच पडते. परंतु हृदयासाठी नेमलेला भल्ल, म्हणजे रुंद पानाच्या आकाराचे पाते, हे जनावरालाही तितकेच लागू पडते. मराठीतला ‘भाला’ याच शब्दाचा वंशज मानला जातो. पाते मोठे झाले आणि काडीचा दांडा झाला.

याच ठिकाणी एक विधान असे आहे की देशभेदाने पात्यांची रूपे अनेक होतात. म्हणजे प्रदेश बदलला की पाते बदलते. वऱ्हाडाच्या इतिहासाला खरा धागा सापडतो तो या विधानात.

९/
वऱ्हाडातील जनावरे डोळ्यांपुढे आणावीत. मैदानात काळवीट, तीस-चाळीस किलोचे, नाजूक हाडाचे. त्याच मैदानात आणि झुडपी रानात रोही. नीलगाईला वऱ्हाडात रोही म्हणतात. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो आणि त्याच्या मानेची व छातीची कातडी वयाबरोबर जाड होत जाते. रानडुकराच्या खांद्यावर कूर्चेसारख्या चिवट थराची ढालच असते. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळ्यांपासून तिनेच बचाव होतो. मेळघाटात सांबर, अस्वल, आणि सर्वांत शेवटी रानगवा, जो हजार किलोंच्या आसपास पोहोचतो.

या सगळ्यांसाठी एकच पाते पुरणे शक्य नाही. काळविटासाठी रुंद आणि पातळ, डुकरासाठी अरुंद, लांबट आणि जाड कण्याचे, पाखरासाठी बोथट. पारध्याच्या भात्यात निरनिराळी टोके असणे ही चैन नव्हे, त्याच्या धंद्याचा हिशेब होता.

१०/
जनावराइतकीच भूमीही पाते ठरवते, किंवा बाण वापरायचा की नाही हेही ठरवते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन सपाट आणि उघडी. काळवीट दुरून पाहते, दुरून पळते. बाणाला जवळीक लागते. वीस-तीस पावलांपलीकडे जनावर बाणाची चाहूल लागताच अंग चोरते आणि घाव भलतीकडे बसतो. मेळघाटात सागाच्या आणि बांबूच्या दाटीत ही जवळीक मिळते. खोऱ्यात ती मिळत नाही.

अमरावती-अकोल्याच्या मैदानात पारधी समाजाच्या एका मोठ्या गटाचे नाव शस्त्रावरून न पडता फाशावरून पडले, त्याचे एक कारण इथे असावे. फासेपारधी. हरणाच्या वाटेवर फास मांडणे, त्याला हळूहळू त्या बाजूला वळवणे, शिकवलेल्या जनावराच्या आडोशाने सावजाजवळ जाणे, ही सगळी उघड्या मैदानाची विद्या आहे. धनुष्यबाण नसणे म्हणजे मागासलेपण, असा जो एक समज शस्त्रवेड्या इतिहासलेखनात लपलेला असतो, तो या एका उदाहरणापुढे टिकत नाही. जिथे बाण जनावराला जखमी करून सोडण्याचीच शक्यता अधिक, तिथे बाण न निवडणे हाही शहाणपणाचा निर्णय.

११/
लोखंड कुठून आले? विदर्भाला याचे उत्तर आपल्याच भूमीत सापडते. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा पूर्वार्ध. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे शां. भा. देव यांनी १९७०–७२ मध्ये शिळावर्तुळे उत्खनित केली आणि तिथून लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या व घोड्यांचे साज बाहेर आले. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे. विदर्भाची राजधानी कुंडिनपूर म्हणून परंपरेने ओळखले जाणारे हे स्थळ १९६०च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी खणले.

म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी या पट्ट्यात धातू गाळणारा, ठोकणारा आणि पाणी देणारा कारागीर होता. दफनात घोडा आणि खंजीर सापडले म्हणून त्या समाजाला ‘योद्ध्यांचा समाज’ म्हणण्याची घाई होते. छिन्नी आणि कुऱ्हाड मात्र त्याच दफनात असतात, आणि त्यांच्यावरून ‘सुतारांचा समाज’ असे कोणी म्हणत नाही!

१२/
पात्याच्या मागच्या भागाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. भारतातील पुष्कळशा लोखंडी बाणाग्रांना मागे खिळ्यासारखे शेपूट असते. युरोपात मात्र काडी ज्यात बसते अशी पोकळ खोबण अधिक दिसते. कारण काडीत आहे. बोरू किंवा बांबू आतून पोकळ वा भुसभुशीत. शेपूट त्यात ठोकता येते. काडी फाटू नये म्हणून वरून तातीचे घट्ट वेढे आणि राळ किंवा लाख. भरीव लाकडाची काडी असेल तर तिच्यावर टोपीसारखे टोक चढवणे सोपे.

शेपटाची लांबी हाही पुरावाच. लांब शेपूट म्हणजे जोराचा आघात अपेक्षित आहे, हाडाशी गाठ पडणार आहे. चिठ्ठीवर ही लांबी लिहायला दोन शब्द पुरतात.

१३/
आता काव्याकडे, कारण वऱ्हाडच्या वाटेवरचा एक बाण कालिदासाने अमर करून ठेवला आहे. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात अज राजपुत्र इंदुमतीच्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे निघतो. नर्मदेच्या काठी मुक्काम असताना पाण्यातून एक रानटी हत्ती उसळून बाहेर येतो आणि छावणीत हाहाकार उडतो. राजाने रानहत्ती मारू नये, हा नियम अजाने ऐकलेला असतो. तो बाण सोडतो, परंतु धनुष्य पुरते ओढत नाही. हत्तीला परतवण्यापुरता घाव, गंडस्थळावर. पुढे तो हत्ती शापित गंधर्व निघतो आणि अजाला संमोहनास्त्र देतो, ही कथेची गोडी.

पण क्षणभर गंधर्व बाजूला ठेवावा. पाते कोणते, घाव कुठे आणि प्रत्यंचा किती ओढायची, या तिन्हींचा विचार करून सोडलेला बाण असे हे चित्र आहे. कमी ओढणे हीसुद्धा निवड असते, हे कवीला ठाऊक होते.

१४/
नवव्या सर्गात दशरथाची मृगया येते. तिथे क्षुरप्र बाणांनी तो गेंड्यांची शिंगे छाटतो, त्यांचा जीव घेत नाही. एका हरणावर नेम धरलेला असताना त्याची हरिणी मध्ये येऊन उभी राहते, आणि कानापर्यंत ओढलेला बाण दशरथ उतरवून घेतो. चाल करून येणाऱ्या रानरेड्याच्या डोळ्यात मारलेला बाण त्याच्या देहातून पार जातो. पिसांना रक्तही लागत नाही. आधी रेडा पडतो आणि मग बाण.

हे शेवटचे अतिशयोक्त आहे, यात शंका नाही. तरीही पिसांवरच्या रक्ताचा उल्लेख वाऱ्यावर सोडून देण्यासारखा नाही. बाण आरपार गेल्यावर शिकारी तो उचलतो आणि आधी पिसेच पाहतो. रक्त फेसाळ आणि गुलाबी असेल तर फुप्फुस छेदले गेले, काळसर असेल तर यकृत, हिरवट घाण असेल तर पोट, आणि मग तासन्‌तास वाट पाहून माग काढावा लागणार. हे आजचे शिकारीही सांगतात. कालिदासाने निदान जाणत्या धनुर्धरांचे बोलणे कान देऊन ऐकले असावे.

आणि त्याच सर्गाच्या शेवटी सगळे उलटते. तमसेच्या काठी घडा भरण्याचा आवाज दशरथाला हत्तीचा वाटतो. तो न पाहता, शब्दावर बाण सोडतो. बाण लागतो तपस्व्याच्या मुलाला. राजाला निषिद्ध असलेले कर्म दशरथाने केले, असे कवी स्पष्ट म्हणतो. ज्याला लक्ष्य दिसत नाही त्याच्या हाती उत्तमातले उत्तम पातेही घातच करते.

१५/
काटेरी पात्यांचा, म्हणजे कर्णी बाणांचा, प्रश्न वेगळा आहे. उलट्या काट्यांमुळे बाण आत रुततो आणि ओढून काढला तर अधिक फाडतो. सुश्रुताने बाणाचे दोनच प्रकार केले, कर्णी आणि श्लक्ष्ण. काटेरी आणि गुळगुळीत. त्याची दृष्टी शल्यवैद्याची, त्यामुळे पाते शिरते कसे यापेक्षा निघते कसे, हे त्याला महत्त्वाचे. ‘शल्य’ या शब्दात बाणाचे टोक आहे आणि शल्यक्रियेतही तेच आहे. मनुस्मृतीने युद्धात कर्णी, विषारी आणि अग्नीने पेटवलेले बाण वर्ज्य सांगितले.

माणसासाठी हा नियम लिहिला गेला, जनावरासाठी तो कोणी लिहिला नाही. मात्र मोठ्या जनावराच्या शिकारीत काटेरी पाते व्यवहारानेही अडचणीचे. आरपार जाणारे पाते दोन जखमा करते, माग स्पष्ट पडतो. रुतून बसणारे पाते जखम बुजवते. विषाचा वापर करणाऱ्यांचे गणित पुन्हा निराळे. कालाहारीतील सान शिकारी भुंग्याच्या अळीचे विष वापरतात, म्हणून त्यांचे टोक चिमुकले असते. मारण्याचे काम विष करते. पात्याने फक्त दार उघडायचे.

१६/
पारधीच्या विरोधातला आवाजही याच जिल्ह्यातून उमटला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे लीळाचरित्राची जुळवाजुळव केली. त्यात एक लीळा आहे : पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन चक्रधरस्वामींच्या मांडीखाली दडतो, पारधी त्याला मागतात, आणि स्वामी शरण आलेल्याला देत नाहीत. पारध्यांना शाप मिळत नाही. त्यांच्याशी बोलणे होते. मराठी गद्याच्या पहाटेलाच शिकारी आणि सावज समोरासमोर उभे केले गेले, आणि दोघांनाही माणुसकीने वागवले गेले, ही गोष्ट वऱ्हाडाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

१७/
पुढच्या काळात हे समोरासमोर बोलणे संपले. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६०च्या दशकात मेळघाटातील जंगले राखीव होऊ लागली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे पारधी समाजाच्या अनेक गटांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हटला, शिक्का मात्र अजूनही पुसला गेलेला नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत तोफा-बंदुकांच्या बरोबरीने धनुष्य-बाणही घातले.

आणि याच काळात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिकारवर्णनांनी कपाटे भरली. एकाच जंगलात, एकाच सांबरामागे दोन माणसे. एकाची आठवण ग्रंथ झाली, दुसऱ्याची पोलीसनोंद. वऱ्हाडच्या शिकारीचा जो इतिहास आज सहज हाती लागतो तो बंदुकीच्या नळीतून पाहिलेला आहे. हाकारा घालणारा, माग काढणारा, रक्ताचा थेंब पानावर ओळखणारा कोरकू किंवा पारधी त्यात बिननावाचा ‘शिकारी’ म्हणून येतो आणि परिच्छेद संपण्याआधी नाहीसा होतो.

१८/
अमेरिकेत एक निराळी गोष्ट घडली. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात याही जमातीचा अखेरचा माणूस, इशी, एकटाच जंगलातून बाहेर आला. सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाने त्याच्याकडून धनुष्य, काडी आणि दगडी पाते घडवण्याची विद्या घेतली. इशी बाटलीच्या काचेपासूनही उत्तम पाती काढत असे. १९१६ मध्ये इशी वारला. १९२३ मध्ये पोपचे पुस्तक निघाले, आणि आजच्या पाश्चात्त्य धनुर्शिकारीची बरीचशी मुळे तिथे आहेत. इशीच्या लोकांचा संहार झाला होता आणि तो स्वतः संग्रहालयात राहत होता, हे विसरून या मैत्रीचे गोडवे गाता येत नाहीत. तरीही त्याचे ज्ञान त्याच्या नावासह लिहिले गेले. मेळघाटातल्या धनुर्धराच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

१९/
इथे एक आक्षेप अपेक्षित आहे : हा शिकारीचा गौरव तर नव्हे? नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि त्या कायद्यातील ‘शस्त्र’ या व्याख्येत धनुष्य-बाण, जाळी, फास, विष, सापळे सगळे येते. काळविटासारख्या अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. वाघ, गवा आणि काळवीट जगायचे असतील तर हे योग्यच आहे. परदेशी चित्रफिती पाहून बाजारातून चकचकीत पाती मागवणाऱ्या आणि रोही पिकात शिरतात म्हणून त्यांच्यावर ती आजमावण्याचे मनसुबे रचणाऱ्या कोणालाही इतिहासाचा आधार घेता येणार नाही. पिकाच्या नुकसानीसाठी कायद्यात परवान्याची वाट आहे. हौशी धनुष्याची नाही.

शिकार बंद झाली म्हणून शिकारीचे ज्ञान हा इतिहासाचा विषय राहत नाही, असे मात्र होत नाही. सतीची चाल बंद झाली तरी सतीचे दगड वाचले जातातच.

२०/
मग करायचे काय? चिठ्ठी बदलायची. ‘बाणाग्र, लोह’ याऐवजी पात्याची लांबी, सर्वाधिक रुंदी, वजन, शेपटाची लांबी, मधला कणा आहे की नाही, काटे आहेत की नाहीत, आणि ते कोणत्या थरात, कशासोबत सापडले, एवढे लिहिले तर विद्यार्थी स्वतः तर्क करू शकेल. सोबत जनावरांची हाडे सापडली असतील तर त्या हाडांची जात आणि त्यांवरच्या कापल्याच्या खुणा यांची नोंद पात्याशेजारीच ठेवावी. आज ती अहवालाच्या वेगळ्या परिशिष्टात जाते आणि दोन पुरावे एकमेकांना कधी भेटत नाहीत.

दुसरे काम माणसांचे. मेळघाटातील कोरकू पाड्यांत आणि फासेपारध्यांच्या बेड्यांवर जी वृद्ध माणसे आहेत त्यांच्याकडे पात्यांची, फाशांची, मागाच्या खुणांची आपापल्या बोलीतली नावे असतील. ती लिहून घ्यायची, सांगणाऱ्याची संमती घेऊन, आणि त्या माहितीचा उपयोग उद्या त्यांच्याविरुद्ध पोलीस ठाण्यात होणार नाही याची काळजी घेऊन. ही काळजी जिथे घेता येत नसेल तिथे न विचारलेलेच बरे.

२१/
आणि पूर्णेच्या किंवा वर्धेच्या काठी, नांगरलेल्या शेतात, एखादे गंजके टोक सापडलेच तर ते कानशीने घासून चमकवू नये. गंजाच्या थरातच काडीच्या लाकडाचे तंतू आणि तातीच्या वेढ्यांचे ठसे टिकून राहतात; चकाकी आली की ते गेले. जागा लिहून ठेवावी, छायाचित्र काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि वस्तू जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावी. भूमिगत निधीचा कायदाही १८७८ चाच आहे, आणि तो अजून लागू आहे.